क्रेप पेपरचा गुलाब खरा का वाटत नाही आणि त्यासाठी नेमकं काय बदलायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की टेम्पलेट छापून पाकळ्या मापात कापल्या, ग्लू गनने एकाखाली एक लावल्या, रंगही चांगला मिळाला, तरी गुलाब तयार झाल्यावर गिफ्टवर लावायच्या फुलासारखा दिसतो आणि दोनचार दिवसांत पाकळ्या सरळ होऊन ढिल्या पडतात. फोटो बघितला. तुमचं कटिंग खरंच स्वच्छ आहे, त्यात काही बदलू नका. मी कित्येक वर्षं ही फुलं करते आणि शिकवतेही, आणि जवळपास प्रत्येकाचं गाडं इथेच अडतं, कारण सगळा जोर कापण्यावर असतो आणि कागद ताणायला कोणी शिकवतच नाही. क्रेपमध्ये पाकळीला आकार येतो तो ताणण्यातून, टेम्पलेट फक्त बाहेरची रेघ देतं.

आधी कागदाबद्दल, कारण फोटोवरून तरी तुमचा कागद पताकांचा पातळ क्रेप वाटतोय. तो साधारण ३०-३५ ग्रॅमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढं. त्यानंतर ६०, ९०, १४०, १६० आणि १८० ग्रॅमचे येतात. १८० ग्रॅमचा जो इटालियन म्हणून मिळतो तो जाड आणि भरपूर सुरकुत्यांचा असतो, मूळ रुंदीच्या दुपटीच्याही पुढे ताणला जातो आणि दिलेला आकार धरून ठेवतो. ९० ग्रॅमचा मऊ, बारीक सुरकुत्यांचा, नाजूक पाकळ्यांसाठी. शिवाय दोन पातळ कागद एकमेकांना चिकटवलेला डबल क्रेप मिळतो, त्याच्या दोन बाजूंना बऱ्याचदा दोन वेगळे रंग असतात, तो पानांना आणि ज्या फुलांची पाकळी आतून एक बाहेरून दुसरी दिसते त्यांना फार छान. गुलाबाला मी १८० किंवा १६० घेते, पण एक गोष्ट करते, कापायच्या आधी पट्टी हाताने निम्म्यापर्यंत ताणून घेते, नाहीतर पाकळीची कड पुठ्ठ्यासारखी जाड दिसते आणि तिथेच फूल कागदाचं आहे हे कळतं.

पाकळ्या सरळ का होतात ते कळायला हा कागद कसा बनतो ते माहीत हवं. ओलसर कागद एका मोठ्या रोलरला चिकटलेला असतो आणि एक पातं तो रोलरवरून खरवडून काढतं, त्या खरवडण्यात कागद मागे मागे सरकून त्याच्या बारीक चुण्या पडतात. म्हणजे क्रेप हा रबरासारखा ताणला जाणारा कागद नाहीच, आपण ताणतो तेव्हा फक्त त्या चुण्या उघडत असतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, तो एकाच दिशेने ताणला जातो, रेघांच्या आडवा. दुसरं, थोडंसंच ताणलं तर चुण्या परत मिटायला बघतात, म्हणून जिथे खोलगटपणा हवाय तिथे जवळजवळ शेवटपर्यंत ताणावं लागतं. पातळ कागदात मुळात चुण्याच कमी, त्यामुळे कितीही ताणा तो आकार धरत नाही, आणि ओलाव्यानेही चुण्या सैल पडतात. म्हणून दमट हवेत किंवा पाण्याचा गम जास्त लागला की तुमची पाकळी मान टाकते. दुसरा कागद मिळतच नसेल तर दोन पातळ कागद जोडून घ्या, अगदी पुसट गम स्पंजने लावून, रेघा एकाच दिशेत ठेवून, आणि पूर्ण वाळल्यावरच कापा.

रेघांची दिशा हा पुढचा मुद्दा आणि इथे अजिबात सूट नाही. कागदावरच्या रेघा पाकळीच्या बुडापासून टोकाकडे उभ्या जायला हव्यात. खऱ्या पाकळीच्या शिराही तशाच बुडातून वर जातात त्यामुळे दिसायलाही ते बरोबर दिसतं आणि पाकळी रुंदीत ताणता येते. कागद वाचवायला टेम्पलेट आडवंतिडवं ठेवून कापतात ना, त्यातल्या आडव्या पाकळीला कधीच आकार येत नाही, कितीही हात चालवा. तुमच्या फोटोत डावीकडच्या दोन पाकळ्या तशा आहेत, झूम करून बघा.

आता पाकळीला वाटी द्यायची कशी ते नीट सांगते, कारण याचे व्हिडिओ असतात पण हात नेमका कुठे आहे ते दिसत नाही. पाकळी बुड खाली करून धरा. दोन्ही अंगठे आतल्या बाजूने, पाकळीच्या मधोमध पण थोडे खालच्या अर्ध्यात, एकमेकांना टेकलेले. बाकीची बोटं मागून आधाराला. आता अंगठे हळूहळू एकमेकांपासून लांब न्या आणि त्याच वेळी मागच्या बोटांच्या दिशेने दाबा, ओढणं कमी आणि दाबणं जास्त. मधला भाग गुळगुळीत होत जातो, चुण्या नाहीशा होताना दिसतात, आणि वरची कड मात्र जशीच्या तशी राहायला हवी. कड पण ताणली गेली तर वाटी होत नाही, पाकळी फक्त रुंद होते, हीच गफलत सगळ्यात जास्त होते. बरोबर जमलं की पाकळी टेबलावर पालथी ठेवली तरी पोट फुगलेलं राहतं. एकदा करून अंदाज येत नाही, रद्दी तुकड्यांवर हात बसेपर्यंत करा, कागद फाटेपर्यंत ताणून पण बघा म्हणजे त्याची मर्यादा बोटांना कळते.

वाटी झाल्यावर कड. गुलाबाच्या पाकळीची कड बाहेर वळते, पण सगळी सारखी वळत नाही. विणकामाची सुई किंवा बांबूची काडी घेऊन पाकळीचे दोन्ही खांदे तिरके मागे वळवायचे आणि मधला भाग तसाच सोडायचा, मग टोकाला आपोआप ते अणकुचीदार नाक येतं जे उमललेल्या गुलाबात दिसतं. आणि कृपा करून गुलाबाच्या कडेला झालर करू नका. चिमटीत कड धरून ताणली की लाटा येतात, दिसायला मजा वाटते म्हणून सगळ्या फुलांना करतात, पण झालर कार्नेशनची, पॉपीची, थोडीफार पिओनीची. तुमच्या गुलाबात बाहेरच्या सगळ्या पाकळ्यांना झालर आहे आणि तो गुलाब न वाटण्याचं अर्धं कारण माझ्या मते तेच आहे.

उरलेलं अर्धं कारण टेम्पलेट. त्यात लहान-मध्यम-मोठी अशा तीन पाकळ्या देतात आणि एकेका मापाच्या पाच पाच कापा म्हणतात. याच्यावर उपाय एकच, खरा गुलाब आणा आणि तो उघडा. बाहेरून आत एकेक पाकळी काढत पांढऱ्या कागदावर ओळीने मांडत जा, क्रम चुकवू नका, मग वरून फोटो काढा. तुम्हाला दिसेल की कुठल्याच दोन पाकळ्या सारख्या नाहीत. आतल्या अरुंद, काही तर दुमडलेल्या, एखादी अर्धीच वाढलेली. बाहेरच्या रुंदीला जास्त आणि उंचीला कमी, टोकाला बदामासारखी खाच. बुडाशी सगळ्यांचा रंग फिका, बऱ्याचदा पिवळसर. सगळ्यात बाहेरच्या एखाद्या पाकळीवर हिरवट किंवा करपट पट्टा. हे सगळं टेम्पलेटमध्ये येत नाही. मेरी डेलनी नावाच्या इंग्लिश बाई होत्या, त्यांनी १७७२ च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर कागदाचे तुकडे कापून फुलांची चित्रं करायला सुरुवात केली, जवळपास हजार केली आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. क्रेप नव्हता तो, साधा रंगीत कागद काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवलेला, पण पुंकेसर मोजून लावलेले, पानावर किडीचं भोक असेल तर ते पण. खरं फूल समोर ठेवून काम केलं की काय फरक पडतो हे बघायचं असेल तर त्यांची कामं शोधून बघा.

गुलाब उघडलाच आहे तर खालची हिरवी निदलं पण बघा. पाच असतात. त्यातल्या दोघांना दोन्ही कडांना बारीक पिसासारखे फाटे, दोघांना अजिबात नाही, आणि एकाला एकाच बाजूला. कळी मिटलेली असताना जी कड बाहेर उघडी असते तिथे फाटे येतात आणि जी दुसऱ्याखाली झाकलेली असते तिथे येत नाहीत, म्हणून असं. रानगुलाबात हे अगदी स्पष्ट दिसतं, बागेतल्या जातींमध्ये कमीजास्त होतं. मी हे करतेच, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण पाच एकसारखे हिरवे त्रिकोण लावलेला गुलाब आणि हा, शेजारी ठेवले की डोळा दुसऱ्यावरच थांबतो.

जोडणी. १८ गेजची तार घ्या (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं असतं त्यामुळे घेताना गोंधळ होतो), टोकाला पक्कडीने आकडा करा आणि त्यावर कागदाचा किंवा कापसाचा थेंबाच्या आकाराचा गाभा घट्ट करा. गाभा पाकळीपेक्षा बुटका हवा, नाहीतर मधोमध तोच दिसतो. पहिली पाकळी गाभ्याभोवती पूर्ण गुंडाळायची, मग पुढच्या दोनतीन घट्ट, टोकाला जेमतेम फट ठेवून. त्यानंतर प्रत्येक नवी पाकळी आधीच्या पाकळीच्या शेजारी लावायची नाही, तर वर्तुळाच्या एक तृतीयांशाहून थोडं पुढे जाऊन लावायची. वनस्पतींमध्ये हा कोन साधारण १३७.५ अंश असतो, मोजत बसू नका, एवढंच बघा की कुठलीही पाकळी दुसरीच्या बरोबर मागे येत नाहीये. पाच-पाचची गोल रांग लावली की चक्री दिसते.

आणि अजून एक, जे तुमच्या फुलाला वरून बघितलं की कळत नाही पण बाजूने लगेच कळतं: बाहेरच्या पाकळ्या तुम्ही देठावर खाली खाली सरकवत गेलाय. खऱ्या गुलाबात सगळ्या पाकळ्या एकाच पातळीवर, फुलाखालच्या हिरव्या गाठीच्या वरच्या काठाला लागलेल्या असतात. बाहेरची पाकळी खाली झुकलेली दिसते ती तिच्या वळणामुळे, जोड खाली असल्यामुळे नव्हे. म्हणून जोड एका रेषेत ठेवा आणि बाहेरच्या पाकळीला बुडाशीच जास्त वाटी देऊन मग वरून मागे वळवा.

ग्लू गन इथे नको असं माझं स्पष्ट मत आहे. पटकन होतं हे मान्य, पण प्रत्येक पाकळीखाली गाठ जमते, पंधरा पाकळ्या झाल्या की बुडाशी गोळाच होतो आणि तो झाकायला मग निदलं मोठी करावी लागतात, शिवाय चुकलेली पाकळी सहज काढता येत नाही. घट्ट पांढरा क्राफ्ट गम घ्या, झाकणात थोडा काढून पाच मिनिटं उघडा ठेवा म्हणजे अजून चिकट होतो, आणि टूथपिकने पाकळीच्या फक्त खालच्या कडेला बारीक रेघ द्या. दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. सुरुवातीच्या पाकळ्या सुटत असतील तर बुडाशी दोऱ्याचे दोन वेढे मारा, जुनी पद्धत आहे पण पक्की.

रंगावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा, कारण एका रंगाच्या कागदाचं फूल कितीही छान घडवलं तरी एकाच रंगाचं दिसतं. सोप्यात सोपं म्हणजे सॉफ्ट पेस्टलचा खडू. कागदावर घासून पूड काढायची आणि कोरड्या मऊ ब्रशने पाकळीच्या बुडाशी फिकट पिवळा-हिरवा, कडेला मूळ रंगाहून एक छटा गडद. पाणी लागत नाही त्यामुळे वाटी दिल्यावरही चालतं. वॉटरकलर वापरायचा असेल तर आधी रंगवा, पूर्ण वाळू द्या, मग आकार द्या, आणि ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. गडद क्रेपचा रंग पाण्यात सुटतो, ही तक्रार म्हणून सांगतात पण त्याचा उपयोगही होतो, गडद लाल कागदाचा तुकडा थोड्या पाण्यात टाकला की त्याच कुटुंबातला रंग मिळतो, तो पांढऱ्या पाकळीच्या कडेला दिला तर बाजारच्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त मिसळून येतो. उलट रंग उडवायचा असेल तर पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचमध्ये पाकळीची कड क्षणभर बुडवून वाळवतात, फार सुंदर परिणाम येतो, पण हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी ऊन आहे. कागदाची घडी खिडकीत ठेवा, उघड्या कडा आठवड्या-दोन आठवड्यांत फिक्या पडतात, आणि तो फिकेपणा रंगवून येत नाही इतका नैसर्गिक असतो.

पानांचं लोक उरकून टाकतात. पानात शिरा मधल्या शिरेपासून तिरक्या निघतात, म्हणून एकसंध तुकडा कापला की रेघा उभ्या येतात आणि पान खोटं दिसतं. हिरव्या क्रेपचे दोन तुकडे रेघा तिरप्या येतील असे कापा, एक उलटा करा म्हणजे दोन्ही मिळून बाणासारखा व्ही होतो, मध्ये २४-२६ गेजची तार ठेवून कडेवर कड चढवून चिकटवा आणि वाळल्यावर पानाचा आकार कापा. गुलाबाचं एक पान म्हणजे पाच किंवा सात पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), टोकाची सहसा मोठी, कडा दातेरी. कोवळी पानं तांबूस असतात, एखादी तशी लावा. चकाकी हवी तर वरच्या बाजूलाच पातळ वार्निश, खालची बाजू मॅट राहू दे.

देठ नुसता तारेचा ठेवू नका, टिश्यूच्या पट्ट्या गुंडाळून जाड करा आणि वरून फ्लोरल टेप. हा टेप मेणाचा असतो, ताणल्याशिवाय चिकटत नाही, म्हणून एका हाताने खाली ओढत दुसऱ्या हाताने देठ फिरवायचा. शेवटी फुलाची मान किंचित एका बाजूला वळवा.

पुंकेसराचं विचारलंय तेही सांगते, जरी मिटलेल्या गुलाबात ते दिसत नाहीत. पिवळ्या क्रेपची पट्टी, रेघा उभ्या, वरून बारीक झालर कापायची आणि प्रत्येक दोरा बोटात पिळायचा. टोकं गमात टेकवून खडूच्या जाडसर पुडीत. धान्याचं पीठ किंवा रवा वापरू नका, किडे लागतात. हे हाताला बसवायला पॉपी करा, चारच पाकळ्या आणि मध्ये गर्दी. पॉपीची पाकळी कळीत चुरगळलेली असते म्हणून कापलेली पाकळी मुठीत घट्ट चुरगळून मग उघडायची, ९० ग्रॅमचा कागद. लिलीत बाहेरच्या तीन पाकळ्या अरुंद, आतल्या तीन रुंद, आणि सहा पुंकेसर. जास्वंदीत पाच पाकळ्या एकमेकींवर पिळासारख्या चढलेल्या आणि पुंकेसर मधल्या दांडीच्या अंगावर, अगदी टोकाला पाच ठिपके. खरं सांगायचं तर शिकायला गुलाबापेक्षा ही फुलं बरी, पाकळ्या मोजक्या असल्यामुळे प्रत्येकीवर लक्ष देता येतं.

टिकवायचं म्हणाल तर उन्हात ठेवू नका, लाल आणि जांभळे सगळ्यात आधी उडतात. यूव्ही रोखणारा मॅट स्प्रे मिळतो, फूटभर लांबून दोन पातळ हात द्या, जवळून मारला तर ओले डाग पडतात, आधी तुकड्यावर बघा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने किंवा हेअर ड्रायरच्या थंड हवेने.

जो गुलाब झालाय तो टाकू नका. हेअर ड्रायरच्या गरम हवेने ग्लू मऊ होईल, बाहेरच्या झालरवाल्या पाकळ्या सोडवून घ्या, आतला घट्ट भाग चांगला झालाय तो तसाच राहू दे. जाड कागदाच्या आठ-नऊ पाकळ्या नव्याने कापा, प्रत्येक थोडी वेगळी, एखादीला कडेवर तपकिरी पेस्टलचा ठिपका, आणि त्याच पातळीवर लावत या. निदलं शेवटी लावा, आणि बाजूने एक फोटो टाका, जोड कुठे आलाय ते बघून सांगते.